झाकणासकट

हस्तकलेचे काम संपले की टेबलावर रंगांच्या रिकाम्या डब्या उरतात, आणि त्यांत पांढऱ्याची हमखास असते. कोणताही रंग फिका करायला, चुकलेली रेघ झाकायला, खाली पहिला हात द्यायला पांढराच लागतो. जांभळ्याची डबी मात्र वर्षानुवर्षे तशीच राहून शेवटी आतल्या आत दगड होते. त्यामुळे माझा डब्यांचा साठा पाहणाऱ्याला मी जन्मभर फक्त हिमशिखरेच रंगवली, असे वाटेल.

लहानपणी पोस्टर रंगांच्या बाटल्या ताई विसळायला घेई, तेव्हा ते पाणी ओतून द्यायला तिची सक्त मनाई असे. निळ्या बाटलीच्या विसळणीत आमचे एखादे आकाश सहज रंगून होई. पोस्टर रंगाची वाळलेली खपली पाण्यात पुन्हा विरघळते, म्हणून ते जमत होते. अ‍ॅक्रिलिकपुढे ताईचेही काही चालले नसते. त्यातले पाणी उडून गेले की मागे उरलेले बारीक कण एकमेकांत मिसळून प्लॅस्टिकचा पापुद्रा बनतो आणि तो मग पाण्याला दाद देत नाही. अशी डबी ओली असताना नळाखाली धरणे म्हणजे तेच प्लॅस्टिक मोरीत सोडणे. त्यापेक्षा उरलासुरला रंग कागदावर पुसून घ्यावा, डबी उघडी वाळू द्यावी आणि कडेला नख घालून पापुद्रा सोलावा. तो अखंड निघाला तर मी तो घरातल्या प्रत्येकाला दाखवते, त्यांना बघायचा असो वा नसो.

खरे म्हणजे मला डबीपेक्षा झाकणाचा मोह अधिक आहे. १८४१ साली जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने कथलाच्या नळीचे पेटंट घेतले, तोवर चित्रकार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत ठेवत. ती टोचून रंग काढला की पुन्हा नीट बंद होत नसे. घट्ट बसणारे झाकण हाती असताना ते टाकून देणे मला तेव्हापासून, म्हणजे हे वाचल्यापासून, जमत नाही. मणी आणि टिकल्या कशातही राहतात. अशी डबी शोभते ती स्वतः मिसळलेल्या, पुन्हा कधीच तसाच न जमणाऱ्या छटेला. खाण्याचा पदार्थ मात्र तिच्यात कधीही ठेवू नये, कितीही घासलेली असली तरी.

राहिला तळावरचा बाणांचा त्रिकोण. त्यातला आकडा प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो: ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, २ म्हणजे जास्त घनतेचे पॉलिथिन. डबीचे पुढे पुनर्चक्रण होईलच, असे वचन त्यात नाही. अंगठ्याएवढ्या डब्या तर छाननी यंत्राच्या फटींतून खाली पडतात आणि कचऱ्यातच जातात. म्हणून माझ्या डब्या ड्रॉवरात जातात. तोही एक प्रकारचा कचराच आहे, असे घरच्यांचे मत आहे, आणि ड्रॉवर उघडायला लागणारा जोर पाहता मी त्यावर वाद घालत नाही.