असं नसतंय मोळी बांधत

नाटक सुरू होऊन वीसेक मिनिटं झाली असतील आणि पुढं बसलेल्या बायका हसायला लागल्या.

प्रवेश हसण्याचा नव्हता. ऑपरेशनला महिनाही न झालेली बाई डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवर चढते, असा तो प्रवेश. अंबाजोगाईत आणि लातुरात मिळून आम्ही चार प्रयोग केले होते आणि चारही वेळा इथं सभागृहात नाकं ओढल्याचे आवाज आले होते. आता धारूर घाटाच्या वरच्या अंगाला एका वस्तीत, नवरात्राच्या पाचव्या माळेला, देवीच्या मंडपाशेजारच्या स्टेजसमोर दोन-अडीचशे बायका बसल्या होत्या, आणि निम्म्याजणी तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी विंगेत संहिता धरून उभी होते. हातपाय गार पडले.

आमची संस्था म्हणजे नऊ माणसं. सात बायका, दोन पुरुष. एक दिवे सांभाळतो, एक हलगी वाजवतो. नवरा, मजूर पुरवणारा मुकादम, डॉक्टर ही पात्रं बायकाच करतात. तालमीला परके पुरुष असतील तर दोघींना घरून सोडत नव्हते, म्हणून आधी तसं ठरलं आणि मग तीच नाटकाची रीत झाली. मुख्य भूमिका करणारी ताई शिवणकाम करते. एकजण आशा वर्कर आहे, एक अंगणवाडीत मदतनीस. संध्याकाळी सहा ते आठ, शाळेच्या एका वर्गात तालीम. शिवणकामवाल्या ताईच्या सासूबाई रोज सोबत यायच्या. पहिले काही दिवस त्या पहाऱ्याला बसल्यासारख्या बसायच्या. पुढं कुणी ओळ विसरली की मागून त्याच सांगायच्या.

विषय ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचा, आणि त्यांचं गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनचा. आमच्या बीड जिल्ह्यात त्याला कुणी गर्भाशय-बिर्भाशय म्हणत नाही, ‘पिशवी काढली’ म्हणतात. जून २०१९ मध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं की तीन वर्षांत जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. ऊसतोडणी करणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यानंतर खासगी दवाखान्यात ही शस्त्रक्रिया करायची तर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू लागली. हे आकडे आमच्या नाटकात सूत्रधार बाई म्हणते. विषय कळल्यावर एका सभागृहानं आम्हाला दिलेली तारीख काढून घेतली होती, घरच्यांना सांगताना तिघींची जीभ अडखळली होती. त्यामुळं आमची पक्की समजूत झाली होती की या नाटकातलं अवघड काम म्हणजे पाळी आणि पिशवी हे शब्द चारचौघांत मोठ्यानं उच्चारणं.

त्या वस्तीवर त्या शब्दांचं कुणालाच काही वाटलं नाही. ‘पाळीचा खाडा’ म्हटल्यावर माना हलल्या, बस. हसू आलं ते मोळीला.

तिसऱ्या-चौथ्या रांगेतून एक म्हातारी उठली. हिरवं लुगडं, नवरात्र म्हणून अनवाणी. सरळ स्टेजवर आली आणि ताईच्या डोक्यावरची मोळी तिनं एका हातानं उचलून घेतली. बांबूच्या कामट्यांना हिरवा-जांभळा कागद चिकटवून, सुतळीनं बांधलेली आमची मोळी.

“ह्यात वजन कुठंय, लेकी?” तिनं विचारलं. मग सुतळीला बोट लावलं. “अन् असं नसतंय मोळी बांधत. फडात सुतळी कोण देतंय?”

दिवेवाल्या पोरानं माझ्याकडं बघितलं. अंधार करू का, असं विचारत होता तो. मी नको म्हणून मान हलवली. खरं सांगते, त्या क्षणी ठरवून काही केलं नाही. त्या बाईला खाली उतरा म्हणायची माझी छातीच झाली नाही. मी विंगेतून बाहेर आले आणि म्हणाले, “मग कशी बांधतात, आजी? दाखवा.”

नाटक अर्धा तास थांबलं. एक पोरगा मोटारसायकलवर गेला आणि कुणाच्या तरी विहिरीवरच्या उसातून पंधरा-वीस टिपरं तोडून घेऊन आला. आजीनं स्टेजवरच बसकण मारली. पाचट सोललं, शेंडा छाटला, दोन वाढी, म्हणजे शेंड्याची हिरवी पानं, घेऊन गाठ मारली आणि पायाच्या अंगठ्याखाली एक टोक दाबून दुसऱ्याला पीळ देत गेली. हिरवा दोर तयार झाला. तो जमिनीवर आडवा टाकून त्यावर उसं रचली, गुडघा दाबला, पिळाला आतून वळसा देऊन टोक खुपसलं. गाठ नाही. ओढली की घट्ट, झटका दिला की सुटते. गाडीत मोळी टाकल्यावर गाठी सोडत बसायला तिथं वेळ नसतो, म्हणून ही तऱ्हा. मग डोक्यावरच्या पदराखाली फडक्याची चुंबळ कशी बसवायची, फळीवर पाय आडवा कसा टाकायचा, हे दाखवलं. मी दोन महिने त्या प्रवेशाची तालीम घेतली होती. फळीची उंची मोजली होती, प्रकाश कुठून यावा यावर वाद घातले होते. पाय आडवा पडतो हे मला ठाऊक नव्हतं.

“आमी बांधतो ती ह्याच्या दुप्पट असतीय,” आजी म्हणाली. “पण हिला एवढी बास. शिवणारीची मान हाय.”

या अर्ध्या तासात खाली बायका गप्प थोड्याच बसणार होत्या. एकीनं सूत्रधार बाईला विचारलं, “तुमी मगाशी ते तेरा हजार म्हणलात, त्यात मी धरली का?” सूत्रधाराचं काम करते ती आमची आशा वर्कर. ती भूमिका विसरून स्टेजच्या कडेला जाऊन बसली. “तुमच्या घरी विचारायला कुणी आलं होतं का?” “आलती एक पोरगी, वही घेऊन.” “मग धरलं असणार.” त्या बाईनं मान डोलावली आणि शेजारणीला सांगितलं, “धरलंय.” या एका शब्दात तिला काय मिळालं असेल, याचा मी अजून विचार करते.

मग दुसरी बोलली, आणि ते आमच्या नाटकाला सरळ भिडलं. तिशी-पस्तिशीची बाई, मांडीवर लेकरू.

“बाकी समदं बरोबर हाय. पण ऑपरेशनचं पैशे कुणी दिले, ते नाटकात कुठंय?”

नव्हतं. आमच्या नाटकात बाई दवाखान्यात जाते आणि पुढच्या प्रवेशात परत येते. मधला हिशेब आम्हाला सुचलाच नव्हता. तिनं तो तिथं बसल्या बसल्या मांडला. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकानं दिवस मोडला तरी कोयत्याचा खाडा, पाचशे रुपये. पाळीत दोन दिवस उठवलं नाही की हजार गेले. दर महिन्याला हे नको म्हणून पिशवी काढायची. काढायला तीस हजार. एवढे घरात कुठले? मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे. उचल फेडायला पुन्हा कारखान्याला. ऑपरेशननंतर कंबर धरली, जड उचलवेना, म्हणून पुन्हा खाडे. “खाडा चुकवाया पिशवी काढली, अन् पिशवीचं फेडाया दोन साल गेले,” ती म्हणाली. “बाई रडायली ते दावलंत, हे बी दावा की.”

पुढं खुर्च्यांवर एक मुकादम बसले होते. ते म्हणाले, कारखान्याकडून उचल आम्ही आमच्या नावावर घेतो, टोळी पळाली तर भरायची आम्हालाच. तेही खरंच आहे, मी ते नाकारणार नाही. पण त्या हिशेबात ज्याची कंबर गेली ते माणूस एकच होतं, आणि ते खुर्चीवर बसलेलं नव्हतं.

मी विचारलं, पुढचं नाटक करू का? कुणीतरी म्हणालं, मोळीपासून करा.

दिवे पुन्हा लागले. ताईनं चुंबळ बसवली. दोघींनी मोळी उचलून तिच्या डोक्यावर दिली आणि तिची मान एकदम ताठ झाली. या ठिकाणी तिला चार मिनिटांचं स्वगत आहे. मीच लिहिलेलं, आणि मला त्याचा अभिमान होता. त्यात ती रडते, हात वर करून देवाला जाब विचारते. स्टेजवरून उतरताना आजी तिच्या कानाशी बोलली होती. ताईनं मला ते नंतर सांगितलं: “वजन असताना रडाया येत न्हाई लेकी. मान हालली की मोळी गेली.”

ताई फळीवर चढायला लागली. आडवा पाय, मग दुसरा. दोन्ही हात मोळीला धरलेले, त्यामुळं देवाकडं उचलायला हातच रिकामे नव्हते. पोटऱ्या थरथरत होत्या. विंगेतून मला फक्त त्या पोटऱ्या दिसत होत्या. स्वगताची पहिली ओळ तिनं म्हटली, दुसरीला श्वास पुरला नाही. ती थांबली. डोळे समोर, चेहऱ्यावर काहीही नाही. हलगीवाल्यानंही हात थांबवला. फळी करकरली, ती आणखी एक पाऊल वर गेली आणि म्हणाली, “किती राहिल्या अजून?” ही ओळ संहितेत नाही. तिला खरंच विचारायचं होतं, वर पोचायला किती पावलं राहिली.

खालून एका बाईनं उत्तर दिलं, “लई हायत.”

कुणी हसलं नाही. मंडपातल्या समईपाशी वारा अडवत बसलेली पोरंसुद्धा वळून बघत होती. माझ्या चार मिनिटांच्या स्वगतातलं बाकी काही त्या रात्री बोललं गेलं नाही, आणि तालमीतून मी ते आता कायमचं काढलं आहे.

प्रयोग संपल्यावर टाळ्या जेमतेम वाजल्या. बायका लगेच उठल्या, सकाळी त्यांना सोयाबीन काढायला जायचं होतं. आजी मात्र थांबली. “आमी दिवाळी झाली की कारखान्याला जाणार,” ती म्हणाली. “गुढीपाडव्याच्या आसपास येऊ. तवा घेऊन या परत. हिशेब बरोबर मांडला का, बघते.”

आम्ही दिवे उतरवून वायरी गुंडाळेपर्यंत पोरांनी मोळी सोडून सगळा ऊस खाल्ला होता. चोथ्याच्या ढिगाशेजारी वाढ्याचा तेवढा पीळ पडला होता. ताईनं तो उचलून कपड्यांच्या ट्रंकेत ठेवला. मान अवघडल्यामुळं ती टेम्पोत सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली, आणि आशाताईनं मोबाईलच्या उजेडात संहितेच्या मागच्या कोऱ्या पानावर हिशेब मांडायला घेतला. उचल एवढी, खाडे एवढे, दवाखाना एवढा. आडवी पडल्या पडल्या ताई आकडे दुरुस्त करत होती. कपड्याच्या शिलाईचा हिशेब ती तोंडीच करते. घाट उतरेपर्यंत तीन वेळा मांडून झाला. तिन्ही वेळा बाकी त्या बाईच्याच अंगावर राहिली.