सगळे म्हणाले, स्प्रिंग बदला

वडिलांच्या पश्चात परवाना माझ्या नावावर झाला आणि त्यांची पॉइंट टू-टूची (.२२ बोअरची) सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणारी रायफल माझ्याकडे आली. कागदपत्रं, पडताळणी, यूआयएन (परवानाधारकाचा ओळख क्रमांक) हे सगळं सुरळीत पार पडलं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते काडतूस अडकण्याबद्दल, आणि त्याहून जास्त ती दुरुस्तीला दिली त्या बंदुकीच्या दुकानाबद्दल.

२०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही निवडणुका झाल्या. दोन्ही वेळा शस्त्र जमा करण्याचा आदेश आला. (स्पर्धेत उतरणाऱ्या, राष्ट्रीय रायफल संघटनेच्या नेमबाजांना यातून सूट असते, माझ्यासारख्या हौशीला नाही.) रायफल परत मिळाल्यावर रेंजवर गेलो, तर कधी पहिलंच काडतूस अडकायचं, कधी चौथं. मॅगझिनमधून (काडतुसांच्या पेटीतून) वर यायचं, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत) जवळजवळ पूर्ण जायचं आणि ते मागून बंद करणारा बोल्ट किंचित उघडा राहायचा. अशा वेळी बोल्टवर ठोसे मारू नका. नळी निशाणाच्या दिशेलाच ठेवा, मॅगझिन काढा, मग बोल्ट मागे घ्या.

साफसफाई आधीच करून घेतली होती. सोलापूरच्या उन्हाळ्यात पातळ तेलसुद्धा महिनोन्महिने पडून राहिलं की चिकट होतं, त्यावर धूळ बसते. त्यात टू-टूच्या गोळीवर मेणाचा हात असतो, तो काजळीत मिसळून बोल्टवर जमतो. साफ केल्यावरही फरक शून्य.

म्हणून दुकान. "ठेवून जा, बघतो." मग फोन केला की "मॅगझिनची स्प्रिंग मागवलीय." पुन्हा फोन, "स्प्रिंग वाटेत आहे." शेवटी नवी स्प्रिंग बसली, बिल मिळालं आणि काडतूस आधीसारखंच अडकलं. त्यावर उत्तर काय, तर मॅगझिनच बदला, परदेशातून येईल, थांबावं लागेल. मी विचारलं, चेंबरमध्ये टॉर्च मारून बघितलंत का? काउंटरवरचा माणूस म्हणाला, "साहेब, अडकतंय म्हणजे मॅगझिनच असतंय." एवढ्या दिवसांत रायफल कुणी उघडलीच नव्हती, हे मला तिथंच कळलं. मग काडतुसांवर खापर. हे कारण निदान खोटं नाही: अशा रायफलीत गोळी सुटताना रिकामी पुंगळी मागे ढकलली जाते आणि तीच बोल्टला मागे नेते. काडतूस कमजोर असेल तर बोल्ट पूर्ण मागे जात नाही आणि पुढचं काडतूस उचलतच नाही. पण माझं काडतूस उचललं जात होतं. रोग वेगळा आणि औषध वेगळं! शिवाय प्रत्येक काडतुसाची खरेदी परवान्यावर चढते. उगाच उडवून बघायला ती काही फुकट येत नाहीत.

यंत्रमागावर जॉबर (माग दुरुस्त करणारा) असलेला माझा एक मित्र म्हणाला, "आण की बे इकडं, पॉलिश मारून देतो." हात सोन्याचा आहे त्याचा, तरी नाही दिली. शस्त्रदुरुस्तीलाही शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवाना लागतो, आणि घासून गेलेलं पोलाद परत येत नाही.

अखेर रायफल त्या दुकानातून काढली आणि दुसऱ्या गावच्या एका म्हाताऱ्या परवानाधारक कारागिराकडे नेली. (जिल्ह्याबाहेर नेण्याआधी परवान्यावरची क्षेत्रमर्यादा वाचा, मूळ परवाना जवळ ठेवा.) ते म्हणाले, "मॅगझिन पिशवीतच राहू द्या." अडकून बाहेर आलेली न उडालेली काडतुसं मागितली. अशी काडतुसं जपून ठेवा, फार उपयोगी पडतात. प्रत्येकाच्या पितळी अंगावर उभा ओरखडा होता. मग त्यांनी डमी काडतुसाच्या मागच्या कडेवर पेनने ठिपका दिला, ठिपका वर धरून ते चेंबरमध्ये बसवलं, काढलं. ओरखडा ठिपक्याखालीच. वेगवेगळे ठिपके देऊन पाहिले तरी चेंबरमधली जागा तीच.

टू-टूमध्ये स्फोटक मसाला काडतुसाच्या कडेत असतो, म्हणून फायरिंग पिन मध्यभागी न मारता कडेवर मारते. चेंबर रिकामं असताना ट्रिगर ओढला तर काही रायफलींमध्ये ती पिन थेट चेंबरच्या काठावर आपटते आणि तिथलं पोलाद दबून आत कंगोरा येतो. माझ्या रायफलीत तोच आला होता. कुणामुळे, हे सिद्ध करता येणार नाही. पण शस्त्र जमा करताना आणि परत घेताना टेबलावरचा प्रत्येक जण "रिकामी आहे ना" म्हणत बोल्ट ओढून खटका दाबत होता, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

दुरुस्ती अर्ध्या दुपारची. कारागिराने पोलाद कापलं नाही, निमुळत्या दांडीने कंगोरा जिथून आला तिथं परत दाबला. कानशीने चेंबर रुंदावतं आणि पुंगळी फुगायला लागते, म्हणाले. नंतर मॅगझिन भरून काडतुसं सरसर गेली तेव्हा त्या दुकानाचं बिल फाडून टाकावंसं वाटलं.

एक राहिलंच. टू-टूच्या काडतुसाला मागे कडा असते. भरताना वरच्याची कडा खालच्याच्या कडेच्या पुढेच यायला हवी, मागे गेली तर मॅगझिनमध्येच गुंतते. मॅगझिन एकाहून जास्त असतील तर त्यांना नंबर टाका. एकाच नंबरवर अडकत असेल तेव्हाच स्प्रिंगवर पैसे घाला. आणि जमा करताना पावतीवर मॅगझिन वेगळी लिहून घ्या. मी आता ट्रिगरला चिठ्ठीही बांधतो: "रिकामी आहे, खटका दाबू नये." मुद्देमाल कारकून हसतात, पण दाबत नाहीत.