पाच विजय, सात पराभव आणि आठ दिवसांची वाट

२५ नोव्हेंबर २०२३, शनिवार. लेकीच्या कॉलेजचा अमेरिकन फुटबॉलचा संघ मोसमातला शेवटचा सामना हरला आणि मी लगेच सांगलीची तिकिटं शोधायला बसले. बारा सामने, पाच जिंकले, सात हरले. बाउल, म्हणजे मोसम संपल्यावर निवडक संघांना मिळणारा जादा सामना, खेळायला मिळण्यासाठी किमान सहा विजय लागतात, एवढं इतकी वर्षं अमेरिकेत काढून मलाही ठाऊक होतं. माझ्या सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन २३ डिसेंबरला होतं. लेक मार्चिंग बँडमध्ये ट्रम्पेट वाजवते, म्हणून तोवर तिचंच तिकीट काढायचं थांबलं होतं.

ती खोलीतून बाहेर आली आणि म्हणाली, "आई, थांब. अजून संपलेलं नाही."

ऑगस्टमध्ये बँडच्या मुलांकडून एका कागदावर सही घेतात. संघ बाउलला गेला तर बँडही जाणार आणि गैरहजर राहता येणार नाही. तिला बँडची थोडी स्कॉलरशिप आहे, त्यामुळे हा कागद आमच्यासाठी साधा नव्हता. (हा कागद पालकांनी ऑगस्टमध्येच वाचावा. मी नोव्हेंबरात वाचला.)

आता नियम सांगते, कारण तो मला कुणीही धड सांगितला नाही. त्या वर्षी बाउलमध्ये ८२ संघांना जागा होती आणि सहा विजयांची अट पुरी करणारे संघ निघाले ७९. तीन कमी. अशा वेळी ५-७ झालेल्या संघांना बोलावतात. पण कोण जास्त लोकप्रिय, कुणाचे प्रेक्षक जास्त, कोण शेवटी चांगलं खेळलं, यातलं काहीही पाहत नाहीत. पाहतात एपीआर, म्हणजे खेळाडूंच्या अभ्यासाचा आकडा. स्कॉलरशिपवरच्या प्रत्येक खेळाडूला दर सत्रात दोन गुण मिळू शकतात: एक अभ्यासात पात्र राहिल्याचा, दुसरा कॉलेजात टिकल्याचा. मिळालेल्या गुणांना मिळू शकणाऱ्या गुणांनी भागून हजाराने गुणायचं आणि चार वर्षांचं धरायचं. ज्याचा आकडा सर्वांत मोठा, त्याला पहिली विचारणा. त्याने नको म्हटलं तर पुढच्याला. २०१५ मध्ये मिझुरीने नकोच म्हटलं होतं. त्या वर्षी नेब्रास्का, मिनेसोटा आणि सॅन होजे स्टेट असे तीन ५-७ संघ गेले आणि तिघेही जिंकले. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. कुठल्या तरी मुलांनी गणिताचा पेपर नीट दिला म्हणून संघाला आणखी एक सामना मिळतो, हा नियम मला आजही मनापासून पटतो.

माझा राग नियमावर नाहीच. राग आहे तो त्या आठ दिवसांवर.

सोमवारी बँडच्या ऑफिसला मेल केली. उत्तर आलं की मोसम संपल्याचं अधिकृतपणे कळेपर्यंत कुणालाही मोकळं करता येणार नाही. मंगळवारी फोन केला. "यादीत आपण कितवे आहोत, एवढंच सांगा." तर म्हणे, ते खेळ विभागाला विचारा. खेळ विभागात फोन केला. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, बँडच्या मुलांचं बँडचं ऑफिस बघतं. बुधवारी पुन्हा तेच. इकडे तिकीट साडेतेराशे डॉलरवरून पंधराशेवर गेलं. सांगलीहून दिराचा रोज फोन, "वहिनी, पोरीचं नक्की झालं का? हॉलवाल्याला आकडा द्यायचाय." मी काय सांगणार? एका माणसाचा प्रश्न नव्हता, आजीची एकुलती एक नात यायची की नाही हा होता.

मला सगळ्यात लागलं ते हे, की तो आकडा कुणाच्या कुलपात नव्हता. एपीआर आधीच जाहीर झालेला असतो आणि नोव्हेंबरातला एखादा सामना हरल्याने किंवा जिंकल्याने तो हलत नाही. एनसीएए, म्हणजे कॉलेजांचे खेळ चालवणारी संस्था, तिच्या साइटवर कॉलेजचं नाव आणि खेळ टाकला की दिसतो. बुधवारी रात्री मी आणि लेक जेवणाच्या टेबलावर बसलो, कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेत पाच विजयांचे संघ लिहिले आणि एकेकाचा आकडा शोधला. वर मिनेसोटा. आमचं नाव पहिल्यात नव्हतं, पण फार खालीही नव्हतं. तीन जागा आहेत, एखाद-दोघे नको म्हणतील, या हिशोबाने लेकीचे डोळे चमकले. तिला जायचं होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं. आठवडाभर मी तिच्यासमोर फक्त तिकिटांचंच बोलत होते.

मग तिलाच सापडलं, तीन जागा नाहीतच. जेम्स मॅडिसन आणि जॅक्सनव्हिल स्टेट हे खालच्या गटातून नुकतेच वर आलेले संघ. बदलाच्या काळात त्यांना एरवी बाउल नसतो, पण संघ कमी पडले तर ५-७ वाल्यांच्या आधी त्यांचा नंबर. जेम्स मॅडिसन तर ११-१ होता, त्यांचा हक्क मला तरी मान्य आहे. राहिली एक जागा, ती मिनेसोटाची. म्हणजे बुधवारी रात्री साडेदहाला, जेवणाच्या टेबलावर, आम्हाला जवळजवळ खात्रीने कळलं होतं. ज्यांचं हे काम आहे त्यांना कळायला काय हरकत होती? निदान "शक्यता फार कमी आहे" एवढं एक वाक्य लिहायला?

निवड ३ डिसेंबरच्या रविवारी जाहीर झाली. मिनेसोटा डेट्रॉइटच्या क्विक लेन बाउलला गेलं. आमच्या ऑफिसची मेल सोमवारी दुपारी आली. तिकीट सतराशे चाळीस.

आणि तरीही ती मेल मी तशीच सोडली नाही, "मोकळी केली" असं स्पष्ट लिहून मागितलं. कारण रविवारनंतरही दार पुरतं बंद होत नाही. २०२१ मध्ये टेक्सास ए अँड एमच्या संघात कोव्हिड आणि दुखापतींमुळे पुरेसे खेळाडू उरले नाहीत, तेव्हा ५-७ झालेल्या रटगर्सला ख्रिसमसच्या तोंडावर गेटर बाउलसाठी बोलावलं. पुढे २०२४ मध्ये मार्शलच्या संघाने माघार घेतली आणि ५-७ चं लुइझियाना टेक इंडिपेंडन्स बाउल खेळलं. तेव्हा लेखी घ्याच. आणि तारीख बदलता येईल असं तिकीट नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच काढून ठेवा, थोडं महाग पडलं तरी. संघ चार-पाच विजयांवर रेंगाळताना दिसला की त्याच आठवड्यात एपीआर बघून ठेवा.

सहस्रचंद्रदर्शन छान झालं. लेकीने आजीला ऐंशी दिव्यांनी ओवाळलं.

२६ तारखेला मध्यरात्रीनंतर सांगलीच्या घरात माजघरात उजेड दिसला. लेक पांघरुणात बसून फोनवर मिनेसोटाचा सामना बघत होती, बोलिंग ग्रीनविरुद्ध. आजीही उठून तिच्याशेजारी येऊन बसली होती.

"यातले आपले कोण?"

"आपले नाहीत गं आजी. आपल्याला मिळाली असती ती जागा यांना मिळाली."

मिनेसोटा ३०-२४ ने जिंकलं. तोवर आजीला तिच्या खांद्यावर झोप लागली होती आणि लेकीने आवाज बंद करून शेवटपर्यंत सामना पाहिला.