झाकोळलेल्या भूमिका, नोंद ११ : नाग्याची चढाई सुटली

मंडळी, डिस्क दोन वाचली! काल रात्री सव्वाअकराला 'जैत रे जैत' सिनेमातली नाग्याची सुळक्यावरची शेवटची चढाई पहिल्यांदाच न अडकता पुढे सरकली आणि मी पडवीत एकटीनेच टाळ्या वाजवल्या.

डिस्कवर चढलेल्या बुरशीचं रडगाणं मागच्या नोंदीत झालंच होतं. रेवदंड्याची खारी हवा, त्यात पावसाळा. व्हीसीडीचं, म्हणजे सिनेमाच्या जुन्या व्हिडिओ सीडीचं, काय होणार? डिस्टिल्ड पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ फडकं, आणि पुसायचं ते मधून कडेकडे, गोल कधीच नाही. बुरशी गेली. तरी कॉपी चढाईपाशीच थांबायची. मग डीडीरेस्क्यू हा खराब डिस्क वाचणारा प्रोग्रॅम लावला, तर सिनेमाचे सगळेच सेक्टर (डिस्कवरचे माहितीचे छोटे तुकडे) नापास, आरशासारख्या स्वच्छ भागातलेसुद्धा! दहा दिवस मी डिस्कलाच दोष देत बसले.

चूक माझ्या वाचण्याच्या पद्धतीत होती. व्हीसीडीवरचा सिनेमा 'मोड २ फॉर्म २' सेक्टरांत असतो. डेटा सीडीवर चूक दुरुस्त करणारा जो जादा थर असतो तो इथे काढून ती जागा चित्राला आणि आवाजाला दिलेली असते, म्हणून एका सेक्टरमध्ये २३२४ बाइट मावतात. नेहमीचं वाचन २०४८ बाइटच मागतं आणि ड्राइव्ह सरळ नकार देतो. तेव्हा अख्खा २३५२ बाइटचा सेक्टर कच्चाच उचलायचा. सीडीआरडीएओ या दुसऱ्या प्रोग्रॅमने तसं केलं आणि नापास सेक्टर उरले ९१२. सेकंदाला ७५ सेक्टर, म्हणजे साधारण १२ सेकंद सिनेमा गायब. पण गायब कुठे? नेमका चढाईतच.

मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला जुना, जाड डेस्कटॉप ड्राइव्ह जोडला. (पातळ यूएसबी ड्राइव्ह खराब डिस्कवर घालूच नका, हे माझं ठाम मत.) वेग अगदी कमी ठेवला. या ड्राइव्हलाही अडलं, पण वेगळ्याच सेक्टरांवर! प्रत्येक कच्च्या सेक्टरवर त्याचा पत्ता असतो, त्यामुळे दोन्ही प्रती शेजारी ठेवून एकीची भोकं दुसरीने बुजवली. उरले ३८. डिस्क उजेडासमोर धरली की तिथे सुईच्या टोकाएवढे ठिपके आरपार दिसतात. ॲल्युमिनियमच खाल्लं गेलंय, ते कशानेच परत येणार नाही. अर्धा सेकंद गेला. चालेल.

एवढा खटाटोप कशासाठी, तर मोहन आगाशेंच्या नाग्यासाठी. या १९७७च्या सिनेमाची गाणी आमच्याकडे लग्नाच्या मांडवात वाजतात, ना. धों. महानोरांचे शब्द लोकांना तोंडपाठ आहेत. सिनेमा सलग पाहिलेला माणूस मात्र मला गावात दुसरा भेटलेला नाही. ज्यांनी पाहिलाय ते स्मिता पाटीलच्या चिंधीबद्दल बोलतात, आणि बोलावंच. पण चिंधी ज्याच्यासाठी नवरा सोडते तो माणूस पटला नसता तर सगळंच कोसळलं असतं. भगताचा हा पोर, पुण्यवंताला राणीमाशी दिसते यावर त्याचा विश्वास. माश्या त्याचा एक डोळा नेतात, आणि तो लिंगोबा देवाला विचारतो की माझं चुकलं काय? उत्तर येत नाही. इथून पुढचा माश्यांवरचा सूड आगाशे नायकाच्या आवेशाने करत नाहीत. खरं बोलूनही मार खाल्लेल्या मुलाचा हट्ट आहे तो. म्हणून शेवटी जैत होते आणि त्याच दिवशी चिंधी जाते, तेव्हा आपल्याला तिच्याइतकंच त्याच्यासाठी तुटतं. 'घाशीराम कोतवाल'मधला बेरकी नाना आणि हा नाग्या एकाच माणसाने, एकाच जब्बार पटेलांच्या हाताखाली केलेत, हे मी दर वेळी नव्याने स्वतःला सांगते.

शेजारच्या काकांना अर्धा भाग दाखवला. कर्नाळ्याच्या पायथ्याशी त्यांची सासुरवाडी. ते म्हणाले, "अगो, त्या सुलक्यावर अजून आग्या मोहोलं हायेत. खालशी आवाज पन करायचा नाय." सिनेमा ज्या कादंबरीवरून केलाय ती गो. नी. दांडेकरांची कादंबरी त्याच परिसरातली, हे कळल्यावर त्यांनी पहिली डिस्क पुन्हा लावायला लावली.

पुढच्या शनिवारी पडवीत चादर बांधून फक्त 'जैत' दाखवायचं ठरलं होतं. पण हे लिहिता लिहिता सुचलं, 'सामना'तला मारुती कांबळेही आगाशेच ना! त्या सिनेमात लागू आणि निळूभाऊंची जुगलबंदी सगळे आठवतात, मारुती कांबळेचं काय झालं हेही सगळे विचारतात. तो कोणी उभा केला हे कोण विचारतं? तेव्हा बेत बदलला. शुक्रवारी 'सामना', शनिवारी 'जैत', आणि आधी ठरलेल्या भूमिकेऐवजी नोंद १२ मारुती कांबळेची.

'सामना'ची डिस्क आत्ताच डब्यातून काढली. सिलिका जेल टाकूनही कडेला पांढरी रांगोळी आहेच. जाड ड्राइव्हमध्ये घातलीय, कच्चं वाचन, सर्वांत कमी वेग. १४ टक्के झालंय, अजून एकही नापास नाही.