साबण लावला आणि हळद लाल झाली! आमच्या घरच्या धुण्याचा माझा अनुभव

आमच्यात माणसं सात. सासू सासरे, आम्ही दोघं, दीर आणि दोन पोरं. घर बेळगावात अनगोळला, मिस्टर तिथल्याच उद्यमबागला मशीन शॉपमध्ये, म्हणजे रोज एक शर्ट आणि एक पँट कटिंग ऑइल नि ग्रीसने माखून घरी येणार हे ठरलेलं. मोठा सातवीत आहे, त्याच्या युनिफॉर्मच्या खिशात बॉलपेन गळतं, धाकट्याचं नाक उन्हाळ्यात फुटतं, मामंजींना पान लागतं आणि कपडे पांढरेच लागतात. आता बघा तुम्हीच.

लग्न झाल्यापासून माझी पद्धत एकच होती, सगळं एका टबात गोळा करायचं, मशीन गच्च भरायचं, पावडर दोन चमचे जास्त आणि बाकी देवावर. डाग राहिला की ब्रश. ब्रशने शर्टाची कॉलर फाटायची पण डाग तिथंच.

मागच्या एप्रिलमध्ये नणंदेच्या मुलीची हळद होती आणि पोरींनी मामंजींनाही सोडलं नाही, पांढऱ्या नेहरू शर्टवर दोन हात उमटले. घरी आल्या आल्या मी शहाणपणा करून साबणाची वडी घासली तर तो डाग पिवळ्याचा लालभडक झाला! मला वाटलं बादलीत कुणाची तरी साडी रंग सोडायला लागली, सगळी बादली उपसली, काही नाही. मग ब्लीच आणलं, त्यावर व्हिनेगर पण ओतावं म्हटलं, डबल पॉवर. सासूबाई ओरडल्या, "अगं नुसतं काय बी ओतू नको की, तुला सांगूलालो मी!" त्यांना कारण माहीत नव्हतं पण ओरडल्या ते बरं झालं, कारण ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा संडास धुवायचं ॲसिड पडलं की क्लोरीन वायू निघतो आणि आमची मोरी म्हणजे एक माणूस मावेल एवढी. हे कृपा करून कुणी करू नका.

शेवटी शेजारच्या कन्नड अक्कांना शर्ट दाखवला. त्यांनी एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "बिसलिगे हाक्री." उन्हात घाला, बस्स. साबण नीट खळखळून काढला तशी लाली उतरून परत पिवळा झाला, मग ओलाच गच्चीवर डाग वर करून टाकला, वाळला की परत पाणी मारायचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो डाग कुठं होता ते शोधावं लागलं. नंतर मोठ्याच्या विज्ञानाच्या पुस्तकात हेच निघालं की, साबण, सोडा हे सगळं अल्कली, त्यात हळद लाल होते आणि लिंबू पिळलं की परत पिवळी. आणि हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. मी म्हटलं हा प्रयोग मी मोरीत करून बसलेय, मार्क मला द्या.

तेव्हापासून डोक्यात बसलं की डाग कशाचा हे आधी विचारायचं, पाणी साबण नंतर. रक्ताला मी वर्षानुवर्षं कडकडीत गरम पाणी घालत होते, स्वच्छ होईल म्हणून, पण गरम पाण्याने रक्त शिजून धाग्यात पक्कं बसतं. गार पाण्यात अर्धा तास बुडवलं की निम्मं आपोआप सुटतं. ऑइल ग्रीसचं उलटं, तिथं पाणी लावायच्या आधी कोरड्यावरच भांडी घासायचं लिक्विड चोळायचं, पंधरावीस मिनिटं ठेवायचं आणि मग गरम पाणी. मिस्टर पहिल्यांदा बघून म्हणाले, "काय करूलीस गं, शर्ट काय ताट आहे काय?" आता स्वतःच चोळून ठेवतात. खिसे झटकून पण ठेवतात, कारण लेथ मशीनचे बारीक लोखंडी चिप्स खिशात राहिले की ओल्या कपड्यात गंज धरतो आणि त्या गंजाला ब्लीच लावलं की तो आणखी पक्का होतो, त्याला लिंबू मीठ लावून ऊनच पाहिजे. बॉलपेनला सॅनिटायझर, खाली जुनं फडकं घेऊन टिपायचं, चोळलं की पसरतं.

पाण्याचं वेगळंच. आमच्या बोरच्या पाण्याला फेस येत नाही म्हणून मी पावडर वाढवायची आणि ती पावडरच कपड्यात राहून काळ्या पँटवर पांढरे चट्टे. आता नळ येतो त्या दिवशी पांढरे आणि युनिफॉर्म, बाकीचे बोरवर. मशीन पाऊणच भरते.

रंगाचं तर बोलूच नका, गावात धुळवडीला रंग आणि शहापूर भागात पंचमीला, आमची पोरं दोन्हीकडं हजर. त्या आठवड्याचे कपडे मी वर्षभर जपून ठेवते, तेच परत घालायचे, धुण्याची भानगडच नाही.

खरी परीक्षा मात्र पावसात. जुलैमध्ये बेळगावचा पाऊस सुरू झाला की आठ आठ दिवस ऊन दिसत नाही, म्हणजे माझा हळदीचा उपाय बंद, आणि कपड्यांना तो कुबट वास. तेव्हा रोज थोडं धुणं, दोनदा स्पिन, हॉलमध्ये दांडीवर लांब लांब टाकून फॅन, आणि मशीनचं झाकण उघडं. जाड चादरी आणि जीन्स थांबतात, थांबूदेत. सासूबाई अजून म्हणतात की शेगडीवर डालगं पालथं घालून त्यावर लंगोट वाळवायचो आम्ही, तुमचं काय मोठं.

एकाच डागापुढं मी हात टेकलेत, काजूच्या बोंडूचा रस. माझं माहेर खानापूरकडं, मे महिन्यात पोरं बोंडू चोखतात आणि छातीवर तपकिरी ओघळ. लिंबू झालं, व्हिनेगर झालं, ऊन झालं. तो टीशर्ट आता गाडी पुसायला आहे आणि माहेरी जाताना मी दोघांनाही काळेच कपडे घालते.