पडद्यावरची वार

आज झरीकडची एक पोरगी आली. गरोदरपणाचा ३२वा आठवडा, बीपी १५०/१००. सोनोग्राफीसाठी पोटावर जेल लावतच होते तर सासू म्हणाली, "लेकरू बरं हाय ना जी, मॅडम?" बाळ हलत होतं, पण वाढ कमी. मग वारेवरच थांबले, म्हणजे बाळाला आईकडून पोषण पोचवणाऱ्या प्लॅसेंटावर. राखाडी वारेत पांढरे ठिपके, कडेला कॅल्शियमच्या गोलसर रेघा. १९७९ पासून वार किती पिकली हे आपण ० ते ३ अशा श्रेणीत, नुसत्या नजरेनं ठरवतो. दोघा डॉक्टरांचं जुळेलच असं नाही. म्हणूनच त्या करड्या छटा संगणकानं मोजायचं संशोधन मला फार मोलाचं वाटतं. रक्ताचा वेग दाखवणाऱ्या डॉप्लर तपासणीत नाळेतला प्रवाह दोन ठोक्यांमध्ये जवळजवळ शून्यावर येत होता. लगेच यवतमाळला पाठवलं. निघताना सासूनं पदराची गाठ सोडून पैसे सुनेच्या मुठीत कोंबले. अजून फोन आलेला नाही.