बदलीच्या पत्राचे अकरा महिने : माझा अनुभव

यजमानांची बदली झाल्यामुळे जून २०२१ मध्ये आम्ही इंदूरला आलो आणि रामबागेत घर घेतले. येथील नव्या मंडळीने, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, आपुलकीने सामावून घेतले. परंतु नाव सभासदांच्या यादीत चढण्यासाठी जुन्या मंडळीकडून सभासदत्वाच्या बदलीचे पत्र हवे होते. जुलैमध्ये मी त्यासाठी अर्ज पाठवला. ते पत्र हाती येईपर्यंत अकरा महिने गेले आणि माझी प्रार्थना त्या अकरा महिन्यांत जितकी अडखळली, तितकी पूर्वी कधी अडखळली नव्हती.

मार्च २०२२ मध्ये उपवासकाळ सुरू झाला. इकडे त्याला चालीसा म्हणतात; रविवार वगळून मोजले की ईस्टरपर्यंत बरोबर चाळीस दिवस भरतात. त्या काळात मी दोन गोष्टी ठरवल्या. पहाटे रोज पाच स्तोत्रे मोठ्याने वाचायची, म्हणजे बायबलमधील स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रे महिनाभरात पूर्ण होतात. आणि रात्री कॅथलिक संत इग्नाती लोयोला यांनी घालून दिलेल्या पद्धतीने दिवसाचे परीक्षण करायचे. प्रथम उपकारस्मरण, मग प्रकाशासाठी विनंती, दिवसाची उजळणी, क्षमायाचना आणि उद्याचा निश्चय, असे त्याचे पाच टप्पे आहेत. ज्या साधनापुस्तकात ते सांगितले आहेत, त्याला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. मी प्रोटेस्टंट घरातली असूनही ही पद्धत मला मनापासून पटली. पहाटेचा भाग आठवड्याभरात अंगवळणी पडला. (११९ वे स्तोत्र १७६ ओव्यांचे आहे; त्यासाठी सुटीचा दिवस राखून ठेवावा.)

रात्रीचा भाग मात्र तिसऱ्या टप्प्यावर रोज अडत असे. दिवसाची उजळणी करू लागले की जुन्या मंडळीच्या कचेरीत केलेला फोन आठवे. आधी सांगण्यात आले की रजिस्टर माजी चिटणिसांच्या घरी आहे. नंतर पंचांची बैठक व्हायची आहे. मग डिसेंबरमध्ये उत्तर आले की तुमची दोन वर्षांची वर्गणी बाकी आहे. करोनाच्या काळात देऊळ (चर्च) बंद असतानाही मी प्रत्येक महिन्याची वर्गणी बँकेतून भरली होती आणि सगळ्या पावत्या माझ्याजवळ होत्या. त्यांच्या प्रती मी दोनदा पाठवल्या. पोच आली नाही. ज्या मंडळीत माझा बाप्तिस्मा आणि दृढीकरण (विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी) झाले, जिथे नऊ वर्षे मी रविवारच्या शाळेत मुलांना शिकवले, तिने मला थकबाकीदार ठरवावे, हे मला फार लागले. आजही लागते.

येथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती मी चुकीची केली. फोनच्या तारखा आणि मिळालेली उत्तरे मी परीक्षणाच्याच वहीत लिहीत गेले. त्या नोंदींमुळे उपकारस्मरणाच्या दोन ओळी आणि तक्रारीचे पान असे वहीचे स्वरूप झाले. कचेरीच्या कामासाठी वही वेगळी ठेवावी. शक्य असेल तर गाव सोडण्यापूर्वीच पत्र आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीचा उतारा हातात घ्यावा, पुढच्यांवर सोडू नये.

प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याचा विधी, मला नव्या मंडळीने कधीच नाकारले नव्हते. मीच थांबले होते. वेदीपाशी दान आणताना भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर दान तेथेच ठेवून आधी समेट कर, हे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातले वचन मला पुढे जाऊ देत नव्हते. येथील उपासना हिंदीत होते. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत हिंदीत ‘अपराधों को क्षमा कर’ असे आहे आणि ते मी सहज म्हणत असे, कारण कचेरीतल्या माणसांना मी अपराधी म्हणत नव्हते. एका रात्री तीच प्रार्थना मी मराठीत म्हणू लागले आणि ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ येथे थबकले. मत्तयाच्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही ऋण असाच आहे. माझ्यावर खोटी बाकी लावणाऱ्यांकडे माझी खरी बाकी होती आणि मी ती वहीत तारीखवार जपून ठेवली होती. आपल्या भाषेत प्रार्थना करा, असे मी आता प्रत्येकाला सांगते.

मंडळीतल्या एका मराठी आजींपाशी मी हे बोलले. त्या म्हणाल्या, “सोडायचं तर आधी किती आहे ते मोज, पोरी. न मोजता सोडलेलं माणूस पुन्हा मागतं.” त्यांनीच मला कॅथलिक धर्मभगिनी राणी मारियांची आठवण दिली. १९९५ मध्ये मध्य प्रदेशातल्या उदयनगरच्या वाटेवर त्यांची हत्या झाली; पुढे त्यांच्या सख्ख्या बहिणीने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. २०१७ मध्ये राणी मारियांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्याचा विधी याच इंदुरात झाला. त्या राखीपूर्वी किती वर्षे जावी लागली असतील, हा विचार मला धीर देऊन गेला. मी माझ्यावर चाळीस दिवसांची मुदत घालून बसले होते.

मी बाकी मोजली. पावत्यांची पोच, दिलगिरीचा एक शब्द, आणि नऊ वर्षांच्या सेवेची आठवण. तिन्ही गोष्टी कागदावर लिहिल्या, त्यांत काहीही कमी केले नाही, अन्यायाला अन्यायच म्हटले, आणि एकेक वाचून ‘हे मी सोडले’ असे मोठ्याने म्हणाले. पहिल्या दिवशी आवाज फुटला नाही. सोळा दिवस तेच केले. उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आदल्या संध्याकाळी, १४ एप्रिलला, मी प्रभुभोजनाला गेले. तेव्हा पत्र आलेले नव्हते, आणि वेदीपाशी गुडघे टेकताना ते आठवलेही नाही, याचा मला अतिशय आनंद आहे.

पत्र जूनमध्ये टपालाने आले. त्यावर सही होती, शिक्का होता आणि तारीख होती ऑगस्ट २०२१ ची. म्हणजे ते तयार होऊन दहा महिने कुणाच्या तरी कपाटात पडून होते. त्या रात्री मी पुन्हा कागद घेतला आणि चौथी बाकी लिहिली.